बाभळीमागच्या सुया

"मी आणतो चेंडू," म्हणत रईस बाभळीमागे पळाला आणि ओरडून मटकन खाली बसला.

अफसाना धावली. तिच्या धाकट्या भावाच्या चपलेतून एक बारीक सुई थेट टाचेत घुसली होती. भोवती रक्ताळलेला कापूस, आणखी सुया आणि चक्क माणसांचे दात पडले होते.

"अम्मीला सांगू नको. लई मारंल," रईस कळवळला.

"मारू दे," अफसाना म्हणाली. तिने सुई हळूच ओढून काढली. मैत्रीण आरोहीने घरून साबण आणला. नळाखाली पाय धुऊन दोघींनी त्याला अम्मीकडे नेलं.

केजच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन झालं, महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. "सुई आधी कुणाला टोचली, कळायला मार्ग नाही. त्याचा आजार याला लागू नये म्हणून या गोळ्या. वेळेत आणलंत, पण रक्त पुन्हा तपासावं लागेल," तिथले डॉक्टर म्हणाले. अम्मी, कमरजहाँ, रागावल्या नाहीत. घरी येईपर्यंत त्यांनी रईसचा हात सोडला नाही, याचीच अफसानाला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी दातांच्या डॉक्टर सायलीमॅडमकडे गेल्या. गावातला दातांचा दवाखाना तेवढा एकच.

"आमचा कचरा न्यायला वेगळी गाडी येते. सुया तर बंद डब्यात जातात," मॅडम ठामपणे म्हणाल्या.

"मग त्या बाभळीमागं कशा आल्या?" आरोहीने विचारलं. मॅडमनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून रोज दुपारी दोघी पडक्या भिंतीआड बसू लागल्या. अखेर एक मोटारसायकल थांबली. सायलीमॅडमच्या दवाखान्यात साफसफाई करणारे बजरंगमामा! दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या घेऊन ते बाभळीमागे गेले. आरोही वाकून मॅडमना बोलवायला दवाखान्याकडे पळाली. ते निघून गेले तर? अफसानाने श्वास रोखला, पुढे सरकली, मोटारसायकलची किल्ली काढून घेतली आणि पुन्हा भिंतीआड लपली.

मामा परतले, खिसे चाचपू लागले. ते भिंतीकडे वळले, तशी अफसानाने किल्ली मुठीत गच्च आवळली. तेवढ्यात सायलीमॅडम आल्या.

"कचऱ्याची गाडी आली तवा मी जेवायला गेलतो. पिशव्या साचल्या, वास मारत होत्या. सुयांचा डबाबी त्यातच ओतला," मामा पुटपुटले.

"आणि मी कधी विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या. जाड हातमोजे घालून, चिमट्याने एकेक सुई त्यांनी स्वतः उचलली. संध्याकाळी त्या रईसच्या घरी गेल्या आणि सर्वांसमोर माफी मागितली. "या पोरींनी मला जागं केलं," त्या म्हणाल्या.

तरी धाकधूक संपली नव्हती. शाळा सुरू झाली, पाऊस ओसरला, मग शेवटचा रिपोर्ट आला. रईस ठणठणीत होता.

कमरजहाँनी अफसानाला जवळ ओढलं. "तू लपवलं न्हाईस, म्हणून हा वाचला," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या.