ओढ्याकाठची ओसाड जागा

"पूर्वी ही जागा ओसाड होती," उत्कर्षानं कागदावरची पहिली ओळ मोठ्यानं वाचली. बागेच्या फाटकाशी जो फलक लागणार होता, त्याचा मजकूर तिनं लिहायचा होता. दिवाळीनंतर तो रंगाऱ्याकडे जायचा. कानाला कसं वाटतंय एवढंच तिला बघायचं होतं, पण मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

"ओसाड? मग आमचा आजा कुठं जन्मला?"

तिनं वळून पाहिलं. मांडीवर डबा घेऊन बसलेला एक तरुण... बोटांना लोणच्याचं तेल, डोळ्यांत खोडी.

"दवाखान्यात," ती फणकारली.

"तवा दवाखाना कुठला, मॅडम? ह्या ओढ्याच्या काठाला, मेंढरांच्या वाड्यात. तुमी उभ्या हाय न्हवं, तिथंच असंल."

उत्कर्षा नकळत दोन पावलं बाजूला सरकली. तो आणखीच हसला.

त्याचं नाव सिद्धू. गाव जतकडचं. सांगलीत जनावरांच्या औषधांच्या दुकानात कामाला होता आणि दुपारचा डबा खायला बागेत यायचा. उत्कर्षानं इतिहासात एम.ए. केलं होतं. जुन्या दप्तरात तिला ही जागा आधी पडीक, मग वीटभट्टी, मग कचऱ्याचा ढीग आणि शेवटी बाग अशी सापडली होती. पडीकच्या आधी काय, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. आता मात्र विचारल्यावाचून राहवेना.

दुसऱ्या दिवशी ती बरोबर डब्याच्या वेळेला आली. तिसऱ्याही दिवशी.

"हिथं समदी रानं हुती," सिद्धू सांगायचा. "पीक निघालं की मालक आमची मेंढरं बसवून घ्यायचा. खत त्याला, दाणं आमाला. भवतीनं वाघर लावायची."

"वाघर म्हणजे?"

"जाळं. एकदा आत घेतलं की मेंढरू भाईर पडत न्हाई."

"आणि माणूस?"

"माणूस कोण आजून आत आलं न्हाई..." तो म्हणाला आणि एकदम भाकरीकडे बघू लागला.

वाफ्यात उकरलं की भाजक्या विटांचे तुकडे निघत, त्यांच्या खाली काळी माती. ती तळहातावर घेऊन तो म्हणे, "वास घ्या. लेंडीखताचा येतोय का न्हाई?" तिला कसलाच वास येत नसे. पण त्या तळहातावर वाकायला तिची काही हरकत नव्हती.

'ओसाड' शब्द तिनं खोडला. त्या जागी लिहिलं – इथं मेंढपाळांचा फिरता वाडा उतरत असे.

मग एका दुपारी तो डबा न उघडताच म्हणाला, "दिवाळीच्या पाडव्यानंतर मी न्हाई येणार बहुतेक. बा म्हणतोय, नोकरी सोड, मेंढरं सांभाळ."

"कायमचं?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"ठरलं न्हाई. आमच्यात पाडव्याला वाड्यात दूध उतू घालत्यात. ज्या अंगाला उतू जाईल तिकडं वाडा हलवायचा. आजा म्हणतोय, तुझंबी तसंच ठरवू. त्याला ह्या जागंवरच करायचंय."

"म्हणजे तुमचं आयुष्य दूध ठरवणार?"

"मग कोण ठरवणार? हिथं मला थांब म्हणणारं हाय कोण?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं वहीकडे. शब्द ओठांपर्यंत आला होता... पण मागं फिरला.

बागेत विस्तव पेटवायला बंदी होती. उत्कर्षानं अर्ज केला, दोनदा महापालिकेतल्या साहेबांच्या दारात ताटकळली आणि 'ऐतिहासिक प्रात्यक्षिका'ची परवानगी मिळवली. थांब म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

पाडव्याच्या सकाळी पांढरं पागोटं बांधून सिद्धूबरोबर त्याचा धुळाआजा आला. झोके, घसरगुंडी, फरशीची वाट, सगळं त्यानं डोळे किलकिले करून पाहिलं.

"जागा लय बदलली," तो म्हणाला. "वढा मातर त्योच हाय."

तीन दगड मांडले. पूर्वेला जतची वाट, पश्चिमेला सांगली शहर. सिद्धू गोवऱ्या आणायला गेला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "पोरी, मडकं तू ठेव." आणि डोळे मिटून बसला.

दूध तापलं. साय थरथरली, फुगली, काठाशी क्षणभर अडखळली... आणि पश्चिमेच्या बाजूनं फसफसत निखाऱ्यांवर सांडली.

सिद्धूनं वाकून पाहिलं. "पूर्वंच्या अंगाला मडक्याखाली खडा हाय."

"असेल."

"कुणी ठेवला?"

धुरानं की कशानं, तिचे डोळे भरून आले होते. "मी. तोंडानं सांगता येईना... म्हणून."

तो मडक्यावर आणखीच वाकला. कान तेवढे लाल झाले.

धुळाआजानं डोळे उघडले. "बापाला फोन लाव की रं! त्याला ठाव हाय आपल्यात मडकं कसं कलतं."

सिद्धूनं फोन लावला. नजर तिच्यावरच होती.

"बा, दूध सांगलीच्या अंगाला गेलं... व्हय. न्हाई, न्हाई, आपसूकच गेलं!"

पलीकडून बापाचा, धनाजीचा, आवाज तिघांनाही ऐकू आला.

"नाव काय तिचं?"