लाल्याचे मागचे पाय

"कुत्रं आजारी, आन् शिक्षा आमाला! ह्यो कुठला न्याय हाय ताई?" फुलाबाई दारातूनच कडाडली.

बारामतीत खासगी तपासाची कामं घेणाऱ्या उत्कर्षा साबळेंनी तिला बसवलं. साहाय्यक दीपकने पाणी दिलं.

फुलाबाई आणि तिचा नवरा म्हस्कू भिगवणला मासळीचा गाडा लावत. गाड्यामागच्या बंगल्यात बागायतदार गोकुळराव राहत. काल संध्याकाळी त्यांच्या लाल्या कुत्र्याने गाड्यावरचा चिलापी मासा पळवला, म्हस्कूने काठी उगारली. आज सकाळी लाल्याचे मागचे पाय लुळे पडले. झालं! गोकुळरावांनी ना विचारलं, ना पाहिलं. भर बाजारात "मुक्या जनावराचा कणा मोडला" म्हणून बोंब ठोकली आणि गाडा उलथा केला. वर दिवस मावळायच्या आत जागा सोडायचा हुकूम. बाजारानेही माना डोलावल्या. पैसेवाल्याचा आवाज मोठा असला की पुरावा लागत नाही!

"जागा गेली तर खायाचं काय?" फुलाबाई म्हणाली. "माझ्या माणसानं काठी जमिनीवर आपटली. कुत्र्याला शिवला बी न्हाय."

"पण काठी होतीच ना हातात?" दीपक म्हणाला.

"पळीसुद्धा असते हातात, म्हणून कुणी खून करतं का?" उत्कर्षा उठल्या. निघतानाच त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तोवर कुणालाही हे सुचलं नव्हतं.

भिगवणला बंगल्याच्या पडवीत लाल्या थरथरत होता. पुढच्या पायांवर उठू बघे, मागचं धड फरपटे. उत्कर्षांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सूज नाही, वळ नाही. दाबलं तरी कुत्रं कण्हलं नाही. अंग मात्र तापलेलं.

तेवढ्यात दीपक घसरला. "रिठे सांडलेत वाटतं," त्याने गोल, तपकिरी टरफल उचललं आणि परत टाचेखाली रगडलं. ते फुटेना.

आत गोकुळरावांची आई ताईबाई एका चपट्या किल्लीशी झटापट करत होती. "बाई, कंच्याच कुलपाला बसंना बघा ही."

"आजी, काल लाल्या मासा घेऊन कसा आला?"

"कसा म्हंजे? भिंतीवरनं उडी टाकून आला की! मासा खाऊन अंगणभर नाचला. जेवल्यावर मग वकला."

गोकुळरावांचा मुलगा यशराज कालच ऑस्ट्रेलियाहून आला होता. "मी आल्या आल्या झोपलो," तो म्हणाला. "पण त्या माणसाला सोडू नका."

गोकुळराव तर पेटलेलेच होते. "लाल्याचं जेवण नेहमीचंच. दूध-भाकरी आन् मूठभर दाणं. रोज माझ्या हातानं चारतो."

"काल कोणते दाणे?"

"दाणं म्हंजे दाणं! त्या मासेवाल्याला धरायचं सोडून माझ्या दाण्याची चौकशी करता व्हय?"

डॉक्टर आले, लाल्याला तपासू लागले. उत्कर्षांनी सगळ्यांना पडवीत बोलावलं.

"गोकुळराव, काठीने कणा मोडलेलं कुत्रं भिंतीवरून उडी मारत नाही. तुमच्या आईने ती पाहिली; तुम्ही विचारलं नाहीत. पाठीवर वळ नाही. ताप आहे, उलटी आहे, तीही जेवणानंतर. म्हणजे दोष काठीचा नाही, पोटात गेलेल्या वस्तूचा."

"मासा?" दीपकने विचारलं.

"तो खाऊन लाल्या नाचत होता. हे टरफल बघा. रिठ्याचं साल टाचेखाली चुरडतं, हे दगडासारखं आहे. अशी फळं फट पाडून विकतात, सोबत कवच उघडायची किल्ली देतात. ती कुलपाला बसेलच कशी? यशराज, तुम्ही ऑस्ट्रेलियातला तो सुका मेवा, मॅकाडेमिया, आणलात ना?"

यशराजचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही तो लाल्याला दिलात?"

"दाणंच की त्ये!" गोकुळराव चाचरले. "शेंगदाणं त्याला पचत्यात, म्हणून..."

"साधे, बिनमिठाचे, बुरशी न लागलेले शेंगदाणे थोडे चालतात," डॉक्टर म्हणाले. "मॅकाडेमिया मात्र कुत्र्याला विषारी. मागच्या पायांतली ताकदच जाते. मी औषध देतो. बहुतेक कुत्री दोन दिवसांत उभी राहतात."

गोकुळरावांनी सुस्कारा सोडला. "देवच पावला! बरं, म्हस्कूला सांगा, लाव म्हणावं गाडा."

"वा रे वा!" उत्कर्षांचा पारा चढला. "अज्ञानाने कुत्र्याला चारलंत, ते समजू शकते. पण गरिबाच्या पोटावर पाय दिलात तो कशाच्या जोरावर? भर बाजारात आळ घेतलात, निरोप मात्र दुसऱ्याने पोचवायचा?"

"उद्या बघू की."

"उद्या नाही. चला."

बाजार अजून भरलेलाच होता. म्हस्कू उलथ्या गाड्याशी खाली मान घालून बसलेला. गोकुळराव त्याच्यापुढे उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटले, "म्हस्कू, चूक माझी हुती. तू कुत्र्याला मारलं न्हाईस."

फुलाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"मोठ्यानं बोला, मालक. सकाळी लई मोठ्यानं वरडला व्हता."