ताईची यंदाची गाणी

माझी मोठी बहीण फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून द्यायची. दुकान लहानसं. समोर रस्ता, मागे काच कापायचं लांब टेबल, आणि टेबलाच्या वर, धुळीपासून जपून ठेवलेले दोन स्पीकर. गिऱ्हाईक चौकटीचा रंग ठरवेपर्यंत त्याला निदान एक गाणं ऐकावंच लागे, आणि तेही नवंकोरं. जुन्या गाण्यांच्या आठवणी काढत उसासे टाकणाऱ्या माणसांचा ताईला मनापासून कंटाळा यायचा. साठी उलटली तरी ती विशीतल्या पोरांची गाणी ऐकायची. कुठल्या गाण्यात ड्रम कुणी वाजवलाय ते तिला ठाऊक असायचं, आणि एखादा गायक ओळीच्या मध्येच श्वास चोरून घेतो ती जागा ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकवायची.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी मला आणि माझ्या बायकोला तिच्याकडे हजेरी लावावी लागे. सरत्या वर्षात आलेल्या गाण्यांतली तिची सगळ्यांत आवडती गाणी ती आम्हाला ऐकवायची, आणि पहिल्या नंबरचं अगदी शेवटी. चहा आधीच पिऊन घ्यायचा, फोन पालथा ठेवायचा, गाणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझी चुळबुळ तिला दिसायची. "धंदा कानांचा आणि स्वतःचे कान नुसते चष्मा अडकवायला," असं ती म्हणायची.

धंदा कानांचा म्हणजे, लोकांना किती ऐकू येतं ते मी तपासतो आणि श्रवणयंत्रं बसवतो. माझ्याकडे एक खोली आहे, टेलिफोन बूथपेक्षा थोडी मोठी. तिच्या भिंतींना आतून जाड फोम आहे, दाराला रबराची कड आहे. माणूस आत बसतो, कानाला हेडफोन लावतो, आवाज आला की बटण दाबतो. काचेपलीकडे मी आलेख काढत जातो.

मग एका वर्षाच्या सुरुवातीला ताईला ताप आला आणि तो मेंदूपर्यंत गेला. ती वाचली. पण इस्पितळातून घरी आली ती दोन्ही कान गमावून.

तिची तपासणी मी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. तिला त्या खोलीत बसवलं आणि एकेक आवाज वाढवत नेला. यंत्राच्या शेवटच्या टोकाला पोचलो. एवढा आवाज चांगल्या कानात सोडला तर माणूस ओरडत बाहेर येईल. ताई काचेतून माझ्याकडे बघत बसली होती, अंगठा बटणावर तयार ठेवून, शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखी. शेवटी तिनंच विचारलं, "सुरू केलंस का रे?"

ऑपरेशनचा मार्ग होता. कानाच्या आत तार बसवतात, बाहेर यंत्र लावतात, आणि बऱ्यापैकी बोलणं कळायला लागतं. मात्र अशा तापानंतर कानाचा आतला भाग हळूहळू हाडासारखा घट्ट होत जातो आणि मग तार आत शिरत नाही, तेव्हा उशीर करू नका, असं सर्जननी बजावलं होतं. ताई हो म्हणाली आणि तारीख आली की पुढे ढकलू लागली. आधी दुकानाचं काम, मग अंगात ताकद नाही, मग असंच. आम्ही फोनवर मोठ्या अक्षरांत टाईप करून तिला दाखवायचो. ती वाचून मान हलवायची.

स्पीकरांवर तिनं कापड टाकलं होतं. ते पाहून मला गलबलून यायचं. पण उन्हाळ्यानंतर एकदा दुकानात गेलो तर ती काच कापता कापता थांबली होती. मान एका बाजूला कलती आणि चेहऱ्यावर तो जुना भाव, गाणं आवडलं की यायचा तो. मी खांद्याला हात लावल्यावर दचकली.

मला त्यात नवल वाटलं नाही. ऐकणं गेलं की मेंदू कधीकधी स्वतःच गाणी वाजवायला लागतो. माझ्याकडे येणारे कितीतरी म्हातारे हे लाजत लाजत सांगतात. बहुतेकांना लहानपणीची गाणी ऐकू येतात, तीच तीच, घासलेल्या तबकडीसारखी. मी त्यांना धीर देतो आणि यंत्र लावल्यावर कमी होईल म्हणून सांगतो. कमी होतंही.

शेवटचा रविवार जवळ आला तशी ताईनं आठवण करून दिली, नेहमीसारखे या. बायकोला जाणं नको वाटत होतं. गाणी कुठून आणायची, उगाच त्यांच्या जखमेवर मीठ कशाला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, एकटी बसण्यापेक्षा बरं.

ताईनं चहा आधीच दिला. आमचे फोन पालथे ठेवले. मग समोर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "यंदा वाजवून दाखवता येणार नाही. म्हणून दाखवते."

बहिऱ्या झालेल्या माणसाचा आवाज मला चांगला ठाऊक आहे. काही महिन्यांतच त्याची पट्टी सुटते. स्वतःचं ऐकू येत नसेल तर सूर धरून ठेवायला काही उरतच नाही. ताईचं बोलणंही तोवर ओबडधोबड झालं होतं, कुठे चढं, कुठे पुटपुटल्यासारखं. पण ती गायला लागली आणि मी हातातला रिकामा कप खाली ठेवला. सूर जागच्या जागी लागत होते. ती गात नव्हतीच एका अर्थानं. समोर चाललेल्या गाण्याच्या मागोमाग ती जात होती, मध्ये वाद्यांचा तुकडा आला की थांबत होती, बोटांनी ताल धरत होती आणि पुन्हा नेमक्या जागी उचलत होती.

पहिलं गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. "दार लोटून घे, उजेड सांडतोय" अशी त्याची सुरुवात होती. ते मला आजवर कुठे सापडलेलं नाही.

दुसरं सुरू झालं आणि बायकोनं माझा हात दाबला. ते मलासुद्धा माहीत होतं. पावसाळ्यानंतर ते आलं आणि मग प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक दुकानात तेच वाजत होतं. ताईचे कान त्याच्या कितीतरी आधी गेले होते.

मी स्वतःला समजावत होतो. शब्द कुठेतरी छापून आलेले तिनं वाचले असतील. पण चाल वाचता येत नाही. आणि दुसऱ्या कडव्याआधी गायक श्वास चोरून घेतो, तिथे ताईनं बोट वर करून आमच्याकडे पाहिलं, दरवर्षी पाहायची तसं.

ते संपल्यावर ती खुर्चीत सावरून बसली.

"आता पहिल्या नंबरचं," ती म्हणाली. "कुणी गायलंय ते कळलं नाही. शब्द नाहीतच त्यात. पण यंदा याच्यासारखं दुसरं नाही."

अगदी साधी चाल होती ती. दोन सूर वर जायचे, थोडं थांबणं, मग एक लांब सूर खाली उतरायचा. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ते थांबणं किंचित वाढत होतं. का कुणास ठाऊक, ऐकताना मी माझाच श्वास धरून ठेवत होतो. खोलीत ऊन होतं, रस्त्यावर नेहमीची रहदारी होती, आणि माझ्या मानेवर काटा आला होता. इतकं सुंदर काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि हे मी म्हणतोय, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही.

ताईनं शेवटचा सूर सोडला. त्यानंतरचं थांबणं संपलंच नाही.

बायको उठून उभी राहिली होती.

त्याच वर्षी तिची आई गेली होती. शेवटचे दिवस इस्पितळात ती एकटीच आईपाशी बसायची. त्या खोलीत आणखी पेशंट होते, कुजबुजायचीही बंदी. आईचा श्वास अडखळत चालायचा आणि हिला भीती वाटायची. म्हणून त्या श्वासाला धरून तिनं मनातल्या मनात एक चाल रचली होती. आई श्वास घेई तेव्हा दोन सूर, सोडे तेव्हा एक.

हे तिनं मला तिथेच, ताईच्या घरात उभ्या उभ्या सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मोठ्यानं म्हटलंस कधी?" मी विचारलं.

"कधीच नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत."

ताई आमचे चेहरे बघत होती. मग उठली, बायकोजवळ गेली आणि तिच्या गळ्यावर हलकेच दोन बोटं टेकवली. बायकोनं डोळे मिटून घेतले.

"अगंबाई, तू होय," ताई म्हणाली.

त्याच संध्याकाळी ऑपरेशनची गोष्ट ताईनं कायमची मोडीत काढली. मी भांडलो. नंतर पस्तावशील, कान आतून बंद होतील, मग कुणाला काही करता येणार नाही, असं टाईप करून तिच्यापुढे धरलं. तिनं फोन बाजूला सारला.

"आधी नुसतं घुमायचं," ती म्हणाली. "मग एकेक वेगळं ऐकू यायला लागलं. फार गर्दी आहे रे तिथे. तुम्हाला वाटतं, मी शांततेत बसलेय."

दुसऱ्या दिवशी कामावर लवकर गेलो. त्या फोमच्या खोलीत शिरलो, दार ओढून घेतलं, दिवा मालवला. बराच वेळ बसलो. कानात रक्ताची सळसळ, गिळल्याचा आवाज, दुसरं काही नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. एखाद्या घराच्या बंद दाराबाहेर उभं राहिल्यासारखं.

मग दिवसाचं काम सुरू झालं. पहिली पेशंट एक तरुण मुलगी, कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी. जन्मापासून बहिरी. कारखान्यात आगीची घंटा ऐकू आली पाहिजे असा नवा नियम झाला होता, नाहीतर काम जाणार होतं. तपासणीत अगदी खालच्या पट्टीतलं थोडं ऐकणं शिल्लक सापडलं होतं, आणि तेवढ्यावर चालेल असं जोरदार यंत्र मी तिच्यासाठी मागवलं होतं. सोबत आई होती. दोघी हातांनी बोलायच्या.

मी यंत्र तिच्या कानात बसवलं. चालू केलं. टेबलावर मूठ आपटली.

तिनं झटकन माझ्या हाताकडे पाहिलं. तिची आई पुढे सरसावली, तिचं नाव घेऊन हाक मारली. मुलीनं वळून पाहिलं. आईनं तोंडाला पदर लावला.

मुलगी मात्र इकडेतिकडे बघत होती. छताकडे, कोपऱ्यात, दाराकडे. खोलीतून कुणी उठून गेल्यासारखी.

मग तिचे हात भराभर हलले.

आईला ते कळलं नाही. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मुलीनं पुन्हा सांगितलं, सावकाश.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"काहीतरीच." आई कसंनुसं हसली. "विचारतेय, गाणं का बंद केलंत."

मुलीनं स्वतःच हात वर नेला, यंत्र काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

ते अजून चालू होतं.

पंचवीस वर्षं मी ही यंत्रं बसवतोय. जन्मापासून बहिऱ्या माणसाच्या कानात यंत्र पहिल्यांदा चालू केलं की ते माणूस बहुतेक वेळा रडतं. ते आनंदानं रडतं, असं मी आजवर धरून चाललो होतो.