घराला दार एकच होतं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

स्वतःची लाज कोण खोटी सांगेल?

भुतं रात्री येतात म्हणतात. हे सकाळी सहाला घडलं. दोन वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, वडवणीजवळच्या आमच्या गावात.

माझा नवरा तानाजी ऊसतोडीला सांगलीकडे गेला होता. घरात मी आणि सासूबाई, दगडाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या बाजेवरच. सासरे, गहिनीनाथ आप्पा, हे घडण्याच्या तीन वर्षं आधी वारले. त्यांनी जन्मभर काळ्या पाषाणात विहिरी फोडल्या. सुरुंगात उजव्या हाताची करंगळी गेली होती. हा खडक म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा थिजलेला रस, असं शाळेत शिकवायचे. आप्पा म्हणायचे, "दगड निजलाय. मेला न्हाई."

त्या सकाळी मी चुलीपाशी होते.

आधी गल्लीतली कुत्री गप्प झाली...

मग मांडणीवरची भांडी वाजायला लागली...

मग जमिनीखालून घरघर आली. पत्र्यावर ठेवलेले दगड धडाधड खाली पडले.

मी पळाले. चार्जिंगला लावलेला मोबाइल तेवढा काढून घेतला.

हो. मोबाइल आठवला, सासूबाई नाही.

अंगणात आल्यावर आतून हाक आली. "मनिषा... ए मनिषा..."

माझा पाय उचललाच नाही.

दुसरा धक्का बसला. हाक थांबली...

सगळं शांत झाल्यावर जीव मुठीत धरून आत गेले. बाज रिकामी होती.

सासूबाई घरामागच्या लिंबाखाली बसल्या होत्या. बुंध्याला टेकून.

घराला दार एकच. आणि त्या दारासमोर मी उभी होते. माझ्यासमोरून कुणीच बाहेर गेलं नव्हतं.

शेजारच्या छबुबाई धावत आल्या. "दगडाबाई, कुणी आणलं वो तुमाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण आणंल? माझ्या सुनंनं."

गावभर माझं नाव झालं. बायकांनी ओटी भरली. तानाजी फोनवर रडला. "लई उपकार झाले बघ तुझे." मी हूं म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी त्यांचं अंग पुसायला घेतलं. दंडावर काळ्या दगडाची भुकटी होती. बोटांचे ठसे...

अंगठा आणि तीन बोटं. करंगळी नव्हती.

"आत्याबाई... तुमाला खरंच वाटतं का, मी आणलं?"

"न्हाई. तू दारासमोर हुबी हुतीस. मोबाइल छातीला धरून. दिसत हुतीस मला."

"मग लोकास्नी तसं कावून सांगितलं?"

"तुला या गावात नांदायचंय, म्हणून."

मला रडू फुटलं. जमिनीनं तेव्हाच पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं.

"मग कुणी आणलं?" मी विचारलं.

त्यांनी ठशांवरून पदर ओढून घेतला.

आता मी त्यांच्या बाजेशेजारीच अंथरूण टाकते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की मांडणीवरची भांडी वाजतात. दर वेळी मी घाईनं हात पुढे करते.

सासूबाई माझा हात धरत नाहीत.

त्या दुसऱ्या बाजूला हात करतात. भिंतीकडे. तिथं कुणी नसतं...

तरी त्यांची बोटं कुणाच्या तरी हाताभोवती मिटतात.