खिंडीपर्यंतची हद्द

नदीच्या उगमाजवळचं आपलं जंगल बाबांना राखीव जंगलासाठी सरकारला द्यायचं होतं. अट एकच, आधी साहेबांनी वर येऊन त्यांच्याबरोबर हद्द चालून बघायची. वनखात्याचं कार्यालय म्हणे, तुम्हीच खाली या. या ताणाताणीत वर्षं गेली. पलीकडच्या खोऱ्यात झाडं तोडणाऱ्यांच्या करवती घरघरू लागल्या आणि बाबांनी अंथरूण धरलं.

शेवटी नव्याने आलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "आपणच वर जाऊ!"

वाट दाखवायला बाबांची लेक निघाली. ती शहरातल्या इस्पितळात नर्स होती. तिसरा गडी मोजणीदार, अंगाने जाडजूड आणि तोंडाने अखंड चालू.

"ताई, अजून किती?"

"हे वळण संपलं की आलंच."

"मघाशीही हेच वळण होतं!"

पुढे नदी फुगलेली. पूल वाहून गेलेला! कमरेला दोर बांधून तिघं पाण्यात उतरली. मधोमध मोजणीदाराचा पाय निसटला. दोराला हिसका बसला. लेकीच्या तळहातांची सालटी निघाली.

"यंत्र सोडा!" बाई ओरडल्या. "सोडा म्हणते ना!"

मोजणीचं यंत्र गटांगळ्या खात गेलं. माणूस काठाला लागला. खिशात पेन्सिल तेवढी उरली होती.

वर घरात बाबा जागे होते. लेकीने नाडी धरली आणि काय ते समजली.

"आले का ते साहेब? माझे बूट दे."

"बाबा, तुम्हाला चालवणार नाही."

"मग उचला!"

दोन काठ्यांना चादर बांधून त्यांनी बाबांना उचललं. चढ छातीवर येत होता, पायाखाली दगड सुटत होते. बाबा मात्र बोट दाखवत बोलत राहिले. इथे पाणमांजरं पिल्लं घालतात, वाट इकडून नेऊ नका. हे झाड तुझ्या आईने वणव्यातून वाचवलं. मोजणीदार प्रत्येक खुणेपाशी थांबून साध्या पेन्सिलीने नकाशा काढत होता. खाली बसून यातलं एकही अक्षर कुणाला कळलं नसतं.

खिंडीत बाबा गप्प झाले. लेकीने हाक मारली. मग मारली नाही.

मोजणीदार हळूच म्हणाला, "बाई, आता वारस ताईच. सही आजच घेऊ या का? करवती जवळ आल्यात."

"आज नाही! बापाचं अंग अजून गार झालं नाही तिच्या."

तिघांनी मिळून खिंडीतच बाबांना माती दिली. शहरातून आल्यावर दर खेपेला आपणही त्यांना म्हणत होतो, खाली या, कशाला हा हट्ट! लेक मातीवर दगड रचत राहिली.

निघताना बाई म्हणाल्या, "पाणी ओसरलं की उरलेली हद्द चालायला येईन. मग हो म्हणा, नाही म्हणा."

"जमीन देईन मी," लेक म्हणाली. "पण खिंडीपलीकडची हद्द त्यांनी कधी दाखवलीच नाही. मी कधी थांबलेच नाही तेवढी. आता ती कुणालाच माहीत नाही, बाई."