ब्रेकने धरलंय तरी काय?

ट्रकचा हँडब्रेक घट्ट ओढलेला. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून उचललेली. एक चाक हाताने पुढे फिरवलं, तर दुसरं आपोआप मागे फिरू लागलं! ब्रेक लागलेला असताना चाक फिरतंच कसं?

बारा वर्षांच्या रुमा पाडवीने गॅरेजात पाहिलेलं हे कोडं महिनाभर तिच्या डोक्यात घोळत होतं. आणि २०६१ सालच्या त्या सकाळी, तोरणमाळच्या घाटात, ते पुन्हा समोर उभं ठाकलं.

तिची आई शेवंती दुर्बिणीचा अवाढव्य आरसा ट्रकने डोंगरावर नेत होती. चढावर मागच्या एका बाजूच्या जोडचाकांमध्ये (शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन टायरांमध्ये) एक अणकुचीदार दगड अडकला. चाक जॅकने उचलायचं आणि आईने गाडीखाली सरकून दगड काढायचा, असं ठरलं.

“हँडब्रेक लागला आहे. हिरवा दिवा. सुरक्षित,” दक्ष नावाचा यंत्रमानव म्हणाला.

“चला, उरका!” वाहतूक अधिकारी ढोले यांनी घाई केली.

रुमाने जॅकचा दांडा उचलून पाठीमागे धरला. “नाही देणार.”

“मोठ्यांच्या कामात लुडबुड नको,” ढोले खेकसले.

“खाली माझी आई जाणार आहे, तुम्ही नाही!” तिने मूठ सैल पडू दिली नाही. ती दक्षकडे वळली. “हँडब्रेकने नेमकं काय धरलंय?”

“इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा मधला दांडा.”

“आणि चाकं?”

“चाकं थेट धरलेली नाहीत. मध्ये विभेदक आहे (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी).”

रुमाचे डोळे लकाकले. “म्हणजे मधला दांडा अडला, की एक चाक फिरायला दुसरं उलटं फिरावं लागतं. दोन्ही जमिनीवर असली की उतार दोघांनाही एकाच दिशेला ओढतो, म्हणून गाडी थांबते. पण एक उचललं की ते मोकळं! ते उलटं फिरेल आणि दुसरं घरंगळेल. पुढच्या चाकांना तर हा ब्रेकच नाही.”

दक्ष म्हणाला, “तर्क बरोबर आहे.”

“बघूच,” शेवंती म्हणाली. जमिनीवर राहणाऱ्या चाकांमागे चार बोटं अंतर सोडून तिने जाड लाकडी पाचरी ठेवल्या. सगळे दूर गेले. रुमानेही दांडा दक्षला देऊन अंतर राखलं आणि दक्ष चाक उचलू लागला.

टायर जमिनीवरून सुटला मात्र, चाक गर्रकन उलटं फिरलं! ट्रक मागे सरकून पाचरींवर आदळला. जॅक कलंडला. ढोल्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग पाचरी पुढून-मागून घट्ट ठोकल्या, चाक पुन्हा उचललं आणि आसाखाली लोखंडी घोडीचा टेकू दिला. आता ट्रक तसूभरही हलला नाही. तरी शेवंतीने गाडीखाली न जाता लांब सळईनेच दगड उपसला.

“‘हिरवा दिवा म्हणजे सुरक्षित’ हा तुझा नियम बदल,” रुमाने दक्षला बजावलं.

“माझ्या सहीशिवाय नियम बदलत नाही,” ढोले पुटपुटले.

“मग करा सही.”

ढोल्यांनी मुकाट्याने सही केली.

“उद्यापासून प्रत्येक यंत्रमानव आधी पाचरी मागेल,” दक्ष म्हणाला.

“उद्यापासून? आपल्या मागून अजून सहा ट्रक चढताहेत. त्यांच्या यंत्रमानवांना आत्ता कळव!”

दक्षने त्याच क्षणी कळवलं.