दोन्ही डब्यांवर नऊच!

“आत्या, नंबर जितका मोठा, तितका छर्रा मोठा, हो ना?”

हा प्रश्न विचारून दाखवच, अशी पैज मैत्रिणींनी डेल्फीशी लावली होती. टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीत ओझार्कच्या डोंगरांत नाव काढलेली व्हर्लीनआत्या पोट धरून हसली. “उलटं गं, वेडाबाई! चार नंबरचा जाड, नऊचा मोहरीएवढा बारीक. पण नऊ टंगस्टनचा, म्हणजे शिशाहूनही जड धातूचा असेल, तर चाळीस पावलांवरूनही टर्कीला लोळवतो!”

डेल्फीने टंगस्टनच निवडलं. आज हंगामाचा शेवटचा दिवस. नर मिळाला तर आजोबांची बंदूक तिची, नाहीतर धाकट्या भावाची, क्लेलची. बाबांचा शब्द होता तसा!

ओढ्याला पूर आला होता. कंबरभर पाण्यातून, बंदूक डोक्यावर धरून दोघी पलीकडे गेल्या. पुढे निसरडी कपार. आत्याचा गुडघा सोलवटला. दोन नर ओरडले आणि परक्या मालकीच्या खोऱ्यात निघून गेले. ऊन चढत होतं, आशा ओसरत होती. दुपारी एकला शिकारीची वेळ संपणार!

तेवढ्यात ओकच्या झाडांमागून आणखी एका नराची गडगडती हाक! चढताना रिकामी ठेवलेली बंदूक डेल्फीने उघडली, खिशातून काडतूस काढलं आणि ती थबकली. हलकं होतं. भलतंच हलकं! पहाटे अंधारात घाईने डबा उचलताना तिने फक्त नऊचा आकडा पाहिला होता. हे शिशाचं होतं, होल्यांसारखे लहान पक्षी मारायचं!

“यानं त्याला गुदगुल्या होतील फक्त,” आत्या पुटपुटली. “वीस पावलांच्या आत आला तरच बार टाक.”

डेल्फीने तेच काडतूस भरलं. लाकडी डबी घासून आत्याने मादीचा आवाज काढला. नर आला. शेपटीचा पंखा फुलवून, लालभडक मान ताणून उभा राहिला. चाळीस पावलांवर! पुन्हा डबी. पुन्हा. तो हलेना.

डेल्फीचं बोट चापावर. एखादा छर्रा लागेलही! लागेल, आणि तो झुडपात सरपटत जाऊन कुठेतरी कुजून मरेल. तिचे डोळे भरून आले. बोट मागे आलं.

नराने पंखा मिटला आणि तो उतारावरून शांतपणे निघून गेला.

घरी बाबा चिडलेच. “अगं, बार तरी काढायचास!”

“जाऊ द्या हो,” आई म्हणाली, “पोरीला पुढच्या वर्षी पुन्हा संधी—”

“नाही, आई.” डेल्फीने बंदूक टेबलावर ठेवली. मान ताठ होती. “बाबा, नर मिळाला नाही, तेव्हा शब्दाप्रमाणे बंदूक क्लेलला द्या. माझं ठरलंय.”